गोळीचं वैर पाण्याशी

मे महिन्यात दुपारी बारा ते चार खाप्याच्या बाजारात फारसं कुणी फिरकत नाही. नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठावर वसलेलं हे कोष्टी विणकरांचं जुनं गाव. या भागात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि किराणा दुकानातल्या गोडधोडाची खरी परीक्षा तेव्हाच होते. चॉकलेटमधलं कोकोचं लोणी साधारण 34 अंशांना वितळतं, त्यामुळे फ्रीज नसलेल्या दुकानात चॉकलेट सकाळीच हात टेकतं. पेढा-बर्फीला दोन दिवसांत वास येतो. काउंटरवरच्या बरणीतल्या संत्र्याच्या गोळ्या मात्र खडखडीत राहतात. बरणी हलवली की आवाज येतो.

याच गोळ्या जुलै-ऑगस्टमध्ये, पारा तिशीच्या आसपास उतरलेला असताना, एकमेकींना चिकटतात. कागद सोलला तर निम्मा कागद गोळीवरच राहतो. उन्हाला न भिणारा हा पदार्थ पावसाला भितो, कारण त्याचा खरा शत्रू उष्णता नसून पाणी आहे. गोळी कशी करतात, ती बरणीत का टिकते, तोंडात किती वेळ पुरते आणि महाराष्ट्रात तिचे कारखाने कसे उभे राहिले, हे सगळं या एका वैराच्या अंगानं समजून घेता येतं.

पाक कुठवर न्यायचा

साखरेचा पाक करणाऱ्या प्रत्येकीला एकतारी, दोनतारी आणि गोळीबंद या पायऱ्या ठाऊक असतात. बोटांमध्ये तार किती येते आणि पाण्यात टाकलेला थेंब कसा वागतो, यावरून ही पारख होते. पाकात पाणी किती उरलं आहे, हेच खरं तर आपण त्यातून मोजत असतो. नुसतं पाणी 100 अंशांना उकळतं. साखर विरघळलेलं पाणी त्याहून जास्त तापमानाला उकळतं आणि पाणी उडून पाक दाट होत जातो तसतसं हे तापमान चढत राहतं. म्हणून पाकात धरलेला तापमापक हा एक प्रकारे ओलाव्याचाही मापक असतो.

लाडवांचा पाक शंभरच्या थोडा वर असतानाच उतरवतात. 115 अंशांच्या सुमारास पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी वळता येते. 125च्या आसपास ती गोळी घट्ट होते. 146 ते 154 अंशांच्या पट्ट्यात थेंब पाण्यात पडताच कडक होतो आणि दाबला तर कटकन मोडतो. कडक गोळीचा पाक इथवर न्यावा लागतो. आता त्यात जेमतेम एक ते तीन टक्के पाणी उरलेलं असतं. आणखी तापवला तर साखर तांबूस होऊन जळकट वास येऊ लागतो, त्यामुळे कारागिराला चुकायला वाव फार थोडा असतो.

मोठ्या कारखान्यांनी ही अडचण निर्वात भांड्यानं सोडवली. हवेचा दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून तितकाच कोरडा पाक वीस-पंचवीस अंश कमी तापवून मिळतो आणि रंगही पांढरा राहतो. इंग्रज रसायनतज्ज्ञ एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साखर शुद्ध करण्यासाठी असं भांडं तयार केलं होतं. पुढे गोळ्यांच्या धंद्यानं तीच युक्ती उचलली.

वीण आणि गुंता

पाक कोरडा झाला म्हणजे गोळी झाली, असं नाही. साखरेचा पाक थंड करताना तिचे रेणू पुन्हा ओळीत बसू पाहतात. तसं झालं तर दाणेदार, भुसभुशीत खडा मिळतो. काचेसारखी पारदर्शक आणि गुळगुळीत गोळी हवी असेल, तर रेणूंना ओळीत बसूच द्यायचं नसतं. खाप्याच्या मागावरचं उदाहरण घेऊ. ताण्या-बाण्याचा प्रत्येक धागा ठरल्या जागी बसलेलं कापड म्हणजे साखरेचा स्फटिक, आणि तोच धागा विस्कटून गुंता व्हावा, तो गुंता जागच्या जागी थिजावा, म्हणजे कडक गोळी. शास्त्राच्या भाषेत ही गोळी म्हणजे साखरेची काच आहे. खिडकीच्या काचेत वाळूचे रेणू असेच अस्ताव्यस्त अडकलेले असतात.

हा गुंता टिकवण्यासाठी पाकात दुसरी साखर घालतात. घरी आपण लिंबू पिळतो. त्यातलं आम्ल साखरेचा काही भाग फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळे करतं आणि हे परके रेणू साखरेच्या रेणूंना ओळ धरू देत नाहीत. कारखान्यात हे काम मक्याच्या स्टार्चपासून केलेलं लिक्विड ग्लुकोज करतं. स्टार्चवर आम्लाची प्रक्रिया करून गोड पाक मिळवण्याची कृती रसायनतज्ज्ञ किर्चहॉफ यांनी 1811 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये शोधली. आजच्या गोळीत हे ग्लुकोज किरकोळ नसतं, बऱ्याचदा साखरेच्या निम्म्याहून अधिक असतं.

संत्र्याची चव आणि आंबटपणा मात्र पाक आचेवरून उतरवून थोडा निवल्यावरच घालतात. सायट्रिक आम्ल उकळत्या पाकात घातलं तर ते नको तितकी साखर फोडतं आणि गोळी चिकट होते. संत्र्याच्या वासाचा मोठा भाग सालीतल्या तेलातून येतो आणि या तेलात लिमोनीन नावाचं द्रव्य सर्वाधिक असतं. दीडशे अंशांच्या पाकात ते तेल उडून जाईल. सावनेर, काटोल, नरखेड, कळमेश्वर हा पट्टा संत्र्यांच्या बागांचा आणि नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण फोडीच्या आकाराच्या स्वस्त गोळीत संत्र्याचा रस शोधू नये. रसात पाणी असतं आणि गोळीला तेच चालत नाही. तिथे असतात साखर, ग्लुकोज, आम्ल, रंग आणि बाटलीतला वास.

उन्हाळा चालतो, पावसाळा नाही

काचेच्या अवस्थेतल्या प्रत्येक पदार्थाला एक सीमा-तापमान असतं. त्याच्या खाली तो कडक राहतो, वर गेला की चिवट आणि चिकट होतो. गोळीत पाणी दीड-दोन टक्के असेल तर ही सीमा साधारण 50 अंशांच्या आसपास किंवा थोडी वर असते, म्हणून खाप्याचा मे महिना ती निभावून नेते. ओलावा पाच टक्क्यांच्या घरात गेला की सीमा घसरून खोलीच्या तापमानाजवळ येते. मग कडक उन्हाची गरजच उरत नाही, गोळी सावलीतही मऊ पडते.

विदर्भाचा उन्हाळा तापदायक असला तरी कोरडा असतो. पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि कोरडी साखर ती वाफ ओढून घेते. पृष्ठभागावर पाकाचा पातळ थर जमतो आणि गोळ्या एकमेकींना धरतात. काही दिवसांनी त्याच थरात साखरेचे रेणू मोकळे होऊन ओळी धरू लागतात, तेव्हा गोळी बाहेरून पांढुरकी आणि खरखरीत होते, रवा धरते. अशी गोळी खराब झालेली नसते. तिची काच मोडून पुन्हा साखर होत असते.

त्यामुळे गोळीच्या इतिहासात पाकाइतकंच महत्त्व वेष्टनाला आहे. घट्ट झाकणाची काचेची बरणी हे पहिलं संरक्षण. मग मेणकागद आला. 1908 साली स्विस रसायनतज्ज्ञ जाक ब्रांडेनबर्गर यांनी सेलोफेन शोधलं आणि दोन्ही टोकांना पीळ दिलेला चकाकता कागद गोळीची ओळख बनला. आज हवाबंद प्लॅस्टिकच्या पुडीनं त्या पिळाची जागा घेतली आहे. पीळ दिसायला देखणा असला तरी हवा पुरती अडवत नव्हता.

मगधापासून औषधाच्या दुकानापर्यंत

ऊस पिळून, आटवून, त्याचे वेगवेगळ्या प्रतीचे घट्ट पदार्थ करण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी उतरंड दिली आहे. काकवीपासून दाणेदार साखरेपर्यंतचा तो क्रम आहे आणि प्रत्येक पायरीवर पाणी व मळी थोडी थोडी कमी होत जाते. इसवी सन 647च्या सुमारास चीनच्या तांग सम्राट ताईझोंगनं साखर करण्याची रीत शिकण्यासाठी मगधात माणसं पाठवली होती, अशी नोंद चिनी इतिहासात आहे.

इराणी आणि अरब कारागिरांच्या हातून ही विद्या युरोपात पोचली. तिथे साखर कित्येक शतकं औषध विकणाऱ्यांच्या ताब्यात होती. कडू काढा साखरेत बांधून द्यायचा आणि घशासाठी चोखायची वडी करायची, हे त्यांचं काम. आपल्या वैद्यांनीही हेच केलं. सितोपलादि चूर्णात सर्वांत मोठा वाटा खडीसाखरेचा असतो आणि खोकल्यावर खडीसाखरेचा खडा गालात धरायला सांगणारी आजी आजही घरोघर आहे.

कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या घामातून पिकलेल्या उसानं युरोपात साखर स्वस्त केली. 1874 साली ब्रिटननं साखरेवरचं आयात शुल्क उठवलं आणि उकळलेल्या साखरेच्या गोळ्या गिरणी कामगारांच्या मुलांच्याही आवाक्यात आल्या. अमेरिकेत 1912 साली चॉकलेटचे व्यापारी क्लॅरेन्स क्रेन यांनी मधे भोक असलेली पेपरमिंटची गोळी काढली. तिचं निमित्त सरळ होतं: उन्हाळ्यात त्यांची चॉकलेटं वितळत आणि खप बसत असे. ओहायोतल्या क्रेनला जे सुचलं, ते खाप्यातल्या दुकानदाराला दर मे महिन्यात दिसतं.

संक्रांतीचा हलवा, होळीची गाठी

जास्तीत जास्त वेळ पुरणारी गोळी काचेची नसते. इंग्लंड-अमेरिकेत गॉबस्टॉपर नावाच्या दगडासारख्या गोळ्या मिळतात. एका साखरेच्या कणावर, फिरत्या कढईत, गरम पाकाचा एकेक पातळ थर चढवत त्या वाढवतात. प्रत्येक थर वाळून स्फटिक झाला की पुढचा. मोठी गोळी तयार व्हायला दोन-दोन आठवडे लागतात. मुलांसाठी लिहिणाऱ्या रोआल्ड डाल यांनी 1964च्या आपल्या कादंबरीत कधीच न संपणारी गॉबस्टॉपर कल्पिली, तीही याच जातीची.

ही कृती मराठी माणसाला परकी नाही. संक्रांतीचा काटेरी हलवा असाच होतो. परातीत किंवा कढईत तीळ, खसखस किंवा कलिंगडाच्या बिया घ्यायच्या, खाली मंद शेगडी ठेवायची, चमच्याचमच्यानं पाक सोडायचा आणि हातानं अखंड हलवत राहायचं. पाक वाळतो, पुन्हा सोडायचा. हळूहळू दाण्याला काटा फुटतो. थंड, कोरड्या हवेत हा काटा चांगला येतो आणि ढगाळ दिवशी करणारीचा जीव रडकुंडीला येतो. पाकातलं पाणी हवेनं चटकन उचललं तरच थर जागीच स्फटिक होतो. संक्रांत थंडीत येते, ही हलव्याची सोयच आहे. नव्या सुनेच्या आणि तान्ह्या बाळाच्या अंगावर चढणारे हलव्याचे दागिने याच काट्याचे.

गाठीची रीत वेगळी. लाकडी साच्यात दोरा ठेवून त्यावर घट्ट पाक ओततात. इथे स्फटिक होऊ द्यायचेच असतात, म्हणून गाठी पांढरी, अपारदर्शक आणि ठिसूळ. महाराष्ट्रात इतरत्र ती गुढीला बांधतात, विदर्भात मुलांच्या गळ्यात होळीलाच गाठीची माळ पडते. दोन्ही सण पावसाळ्याच्या बरेच आधी येतात.

रेवडीत आणखी एक तंत्र आहे. गरम पाकाचा गोळा खुंटीला अडकवून पुन्हा पुन्हा ओढला की त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात, तो पांढरा आणि हलका होतो. अशी गोळी पटकन चावता येते आणि लवकर संपते. खडीसाखर अगदी दुसऱ्या टोकाची. दाट पाकात दोरे सोडून दिवसेंदिवस न हलवता ठेवला की मोठे, घट्ट स्फटिक धरतात. म्हणून तिचा खडा त्याच आकाराच्या कारखानी गोळीपेक्षा जास्त पुरतो. नीट बसलेली वीण उसवायला पाण्याला जास्त वेळ लागतो, गुंता लवकर सुटतो.

तोंडातलं गणित

गोळी बाहेरून आत झिजते. लाळ फक्त पृष्ठभागाला भिडते, त्यामुळे ढोबळमानानं दर मिनिटाला ठरावीक जाडीचा थर जातो. यातून एक गमतीचं गणित निघतं. गोळीचा व्यास दुप्पट केला तर साखर आठपट लागते, पण ती पुरते मात्र दुप्पटच वेळ. कारखानदाराला मोठी गोळी परवडत नाही, ती यामुळे. गोल आकार मात्र फायद्याचा, कारण तेवढ्याच साखरेला सर्वांत कमी पृष्ठभाग गोलाचा असतो. भोकाची किंवा चपटी गोळी लवकर संपते.

न्यू यॉर्क विद्यापीठातल्या गणितज्ञांनी वाहत्या पाण्यात कडक गोळ्या विरघळवून त्यांचा आकार कसा बदलतो, ते अभ्यासलं. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून त्यांनी अंदाज बांधला, की एक सेंटिमीटर गोळी झिजवायला साधारण हजार वेळा चाटावं लागेल. प्रवाह जितका जोराचा, तितकी झीज जास्त. म्हणजे गालात शांत धरलेली गोळी जिभेनं घोळवलेल्या गोळीपेक्षा जास्त पुरते. शाळेच्या मधल्या सुट्टीत गोळी तास संपेपर्यंत पुरवणाऱ्या मुलांना हे नियम पाठ असतात.

पार्ले आणि रावळगाव

महाराष्ट्रातल्या कारखानी गोळीचं एक जुनं नाव मुंबईच्या उपनगरातलं. मोहनलाल दयाल चौहान यांनी 1929 साली विलेपार्ल्यात गोळ्या-मिठाईचा कारखाना सुरू केला. संत्र्याची गोळी हे त्यांचं आरंभीचं उत्पादन. ज्या बिस्किटांनी पार्ले हे नाव घरोघर नेलं, ती दहाएक वर्षांनी आली.

दुसरं नाव रावळगावचं. मूळ सोलापूरचे वालचंद हिराचंद हे जहाजं, विमानं आणि साखर अशा तिन्ही क्षेत्रांत हात घालणारे उद्योजक. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या रावळगावी त्यांनी माळरान लागवडीखाली आणून ऊस केला आणि 1933 साली रावळगाव शुगर फार्म ही कंपनी स्थापन केली. 1942 साली त्याच कंपनीनं गोळ्या करायला घेतल्या. शेतात ऊस, शेजारी साखर कारखाना, पलीकडे गोळ्यांचा विभाग, अशी साखळी एका गावात जुळली. साखर विकण्यापेक्षा तिच्यातलं पाणी आणखी काढून, वास आणि रंग घालून, कागदात गुंडाळून विकली तर पैसे जास्त मिळतात, हा त्यामागचा हिशेब. मॅंगो मूड, कॉफी ब्रेक, टुटीफ्रुटी, पान पसंद ही नावं पन्नाशीच्या आसपासच्या मराठी वाचकाला सांगावी लागणार नाहीत. दूरदर्शनच्या काळात पान पसंदच्या जाहिराती घराघरांत पोचल्या होत्या.

या धंद्याचं दुखणं किमतीत होतं. गोळी नाण्याला बांधलेली वस्तू आहे. साखर पाच टक्क्यांनी महागली म्हणून 50 पैशांची गोळी साडेबावन्न पैशांना विकता येत नाही. कारखानदार एक तर गोळी बारीक करतो, नाही तर तोटा सोसतो. 30 जून 2011पासून 25 पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, तेव्हा चार आण्यांच्या गोळीचा पायाच निखळला. तिकडे सुट्ट्या पैशांऐवजी गोळी हातावर ठेवण्याची दुकानदारांची जुनी सवय मोबाइलवरच्या पैशांनी मोडत आणली आहे.

2015 साली डीएस ग्रुपनं पल्स नावाची कैरीची गोळी एक रुपयाला आणली आणि तिच्या पोटात मिठाची चटपटीत पूड भरली. पहिल्या आठ महिन्यांतच शंभर कोटींची विक्री झाल्याच्या बातम्या तेव्हा गाजल्या. आपल्याकडे कैरी आणि मीठ ही जोडी शाळेच्या फाटकाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या विकली जात होती, कारखान्यानं ती फक्त काचेत बंद केली. रावळगावला मात्र हा नवा बाजार पेलला नाही. फेब्रुवारी 2024मध्ये कंपनीनं आपली गोळ्यांची नावं, व्यापारचिन्हं आणि कृती रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सला 27 कोटी रुपयांना विकली. कच्चा माल, वीज आणि मजुरी वाढत गेली आणि त्या प्रमाणात विक्रीची किंमत वाढवता आली नाही, हे कारण कंपनीनं त्या वेळी दिलं होतं.

घेताना, ठेवताना, खाताना

गोळीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे जास्त वेळ पुरणं, आणि दातांच्या दृष्टीनं तोच तिचा सर्वांत मोठा दोष. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात. आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली की दाताचं कवच झिजू लागतं आणि लाळेला ती पूर्ववत करायला अर्धा तास तरी लागतो. पटकन खाल्लेल्या पेढ्यापेक्षा दिवसभर अधूनमधून चोखलेल्या चार गोळ्या दातांना जास्त महागात पडतात. आंबट गोळी तर स्वतःचं आम्लही घेऊन येते. म्हणून खायचीच असेल तर जेवणानंतर एकदाच खावी आणि लगेच पाण्यानं चूळ भरावी.

चार-पाच वर्षांखालच्या मुलांना कडक, गुळगुळीत गोळी देऊच नये. ती घसरून श्वासनलिकेत अडकू शकते. त्यांच्यासाठी ठिसूळ गाठीचा बारीक तुकडा बरा, तोही समोर बसवून. घरी बरणी भरून ठेवणार असाल तर आषाढ ते भाद्रपद तिचं झाकण घट्ट असू द्या, ओला हात आत घालू नका आणि रवा धरलेल्या गोळ्या फेकू नका. चहात टाका, ती साखरच आहे.